अठरा दिव्यांचा आराखडा

२ नोव्हेंबर, सकाळी ७.१०

आजपासून ही वही फक्त घराच्या लायटिंगसाठी. इतर विषय नाहीत. चहातली साखर कमी करण्याचा निश्चय जुन्या वहीत आहे, तो तिथेच राहू दे.

पार्श्वभूमी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे गोंधळ नको. सप्टेंबरात आई पॅसेजमध्ये पडली. उजवं मनगट मोडलं. तिचं डोळ्यांचं दुखणं जुनं आहे. समोरचं मधोमध धूसर, कडेकडेचं तेवढं दिसतं. संध्याकाळची वेळ होती आणि पॅसेजमधला दिवा गेलेला होता. तो दोन आठवडे गेलेला होता आणि नवा बल्ब आणून मी ड्रॉवरमध्ये ठेवला होता, हे बायको येताजाता सांगते. पण सगळं खापर एका बल्बवर फोडणं बरोबर नाही. मूळ दोष घरातल्या लायटिंगच्या एकूण रचनेत आहे. म्हणून मी ठरवलं, नूतनीकरण करायचं तर मुळापासून.

आई सध्या दादाकडे. काल त्याचा फोन आला. म्हणाला, आईला सारखं इकडून तिकडे हलवणं बरं नाही. पाच डिसेंबरला तिला तुझ्याकडे घेऊन येतो. तिला जमतंय असं वाटलं तर राहील, नाहीतर मग कायमची माझ्याकडे. आवाजात काळजी होती, पण दादाची काळजी मी लहानपणापासून ओळखून आहे. त्याला जिंकायचं असतं. आई बावीस वर्षं माझ्याकडे आहे आणि माझ्याकडेच येणार आहे.

तेहेतीस दिवस आहेत. भरपूर झाले.

३ नोव्हेंबर

डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, एक तर उजेड भरपूर हवा आणि सगळीकडे सारखा. दुसरं, डोळ्यांत जाणारा झगझगीत नको. तिसरं म्हणाले, वस्तूंच्या आणि बटणांच्या जागा शक्यतो बदलू नका, आजींचा सगळा कारभार सवयीवर चालतो. पहिल्या दोन गोष्टी लिहून घेतल्या. तिसरी लायटिंगच्या कक्षेत येत नाही.

जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातच आराखडा सुरू केला. परीक्षा विभागात सव्वीस वर्षं काढली आहेत. बाराशे मुलांना चौदा खोल्यांत बसवायचं, आणि एकाच विषयाचे दोघं शेजारी येऊ द्यायचे नाहीत. हे काम करणाऱ्या माणसाला चार खोल्यांतले दिवे बसवायला डिझायनर कशाला हवा? बायकोने तिच्या मैत्रिणीच्या डिझायनरचा नंबर फ्रिजवर चिकटवला आहे. चिकटवू दे.

५ नोव्हेंबर

आराखडा तयार. एकूण अठरा दिवे. हॉल सात, पॅसेज चार, आईची खोली पाच, बाथरूम दोन. चार रंगांच्या पेन्सिली वापरल्या.

मुख्य आकर्षण म्हणजे काळ्या काचेचं टच पॅनेल. एक हॉलमध्ये, एक आईच्या खोलीत. बटणं अशी नाहीतच, नुसती गुळगुळीत काच. बोट लावलं की दिवा. त्यात मोड असतात: सकाळ, वाचन, पाहुणे. चौथ्या मोडचं नाव मी 'आई' ठेवणार. एका स्पर्शात तिच्या खाटेपासून बाथरूमपर्यंत सगळं उजळेल. ही कल्पना सुचली तेव्हा मी बसमध्ये होतो आणि माझा थांबा मागे गेला.

संध्याकाळी वायरमन आला. पन्नाशीचा आहे, कमी बोलतो. आराखडा आधी उलटा धरून बघितला, मग सुलटा करून तेवढाच वेळ बघितला. मग त्याने त्याची पद्धत सांगितली. वायरींचे पाइप बसवायला भिंत खोदायच्या आधी तो घरातल्या प्रत्येकाला डोळे मिटून दारातून आत यायला सांगतो. हात आपोआप भिंतीवर जिथे जाईल तिथे तो पेन्सिलीने फुली मारतो. बटण तिथेच बसवायचं. बायकोने लगेच डोळे मिटून करून दाखवलं. तिचा हात नेमका जुन्या बटणावर गेला. वायरमन खूश झाला आणि म्हणाला, आता आजींना कधी आणताय?

मी सांगितलं, त्याची गरज नाही, आराखड्यात सगळं आहे. तो म्हणाला, बघा साहेब, घर तुमचं आहे. हे वाक्य मला आवडलं नाही.

८ नोव्हेंबर

आईच्या वतीने फुली मारायचं काम आज मी स्वतः उरकलं. आईची उंची चार फूट दहा, माझी पाच नऊ. गुडघे वाकवून आणि कमरेत झुकून चाललं की फरक भरून निघतो. जुन्या चष्म्याच्या काचांवर मधोमध व्हॅसलिन लावलं, म्हणजे समोरचं धूसर. या अवस्थेत आईच्या खोलीच्या दारातून तीनदा आत आलो. पहिल्यांदा हात पडद्यावर गेला, दुसऱ्यांदा हवेत. तिसऱ्यांदा बायकोच्या खांद्यावर गेला, कारण ती काय चाललंय ते बघायला आली होती.

तिन्हींची सरासरी काढली. सरासरी दाराच्या डाव्या बाजूला येते. आराखड्यातही पॅनेल डावीकडेच दाखवलेलं आहे, कारण उजव्या भिंतीवर मला वरून खाली मंद उजेड सोडायचा आहे आणि मध्ये बटण आलं तर सगळा परिणाम जाईल. जुनं बटण उजवीकडे होतं, ते निव्वळ कुणाच्या तरी आळशीपणामुळे असणार.

गुडघा दुखतोय.

१० नोव्हेंबर

घरी वादावादी. बायकोचं म्हणणं, रविवारी दहा मिनिटं आईंना आणा, दादाभावजी गाडीने सोडतील, त्यांच्या हाताला काय सापडतं ते बघा आणि विषय संपवा. मी म्हटलं, धुळीत डोळ्यांना त्रास होईल. शिवाय मला तिला सरप्राइज द्यायचं आहे. तिसरं कारण मी बोललो नाही. आपलं खोदलेलं घर दादाने बघावं अशी माझी इच्छा नाही.

बायको म्हणाली, आईंना या घरात एकदा सरप्राइज मिळालंय, पॅसेजमध्ये. यावर मी भरल्या ताटावरून उठलो. पंधरा मिनिटांनी परत येऊन बसलो, कारण भूक होती. ताट तिने झाकून ठेवलं होतं.

११ नोव्हेंबर, संध्याकाळी ६

उद्या प्लास्टर. गवंड्याने बजावलंय, सकाळी आठनंतर भिंतीत काही बदल सांगाल तर दुसरा माणूस बघा.

आराखडा अकरा वेळा तपासला. चूक नाही. तरी बाराव्यांदा उघडला. वायरमन हत्यारं आवरता आवरता थांबला आणि म्हणाला, आजींच्या खोलीत उजव्या हाताला एक साधं बटण टाकून ठेवू का? वर आलेलं, बोटाला लागणारं. पाइप टाकायला अर्धा तास लागेल, तुमच्या काचेला काही होणार नाही. मी म्हटलं, नको. एवढ्या सुंदर खोलीत ते एखाद्या वेटिंग रूमसारखं दिसेल. मग तो म्हणाला, निदान फोन करून आजींना विचारा, उजवं की डावं.

मी फोन हातात घेतलासुद्धा. नंबर लावला नाही. विचारलं तर तिला वाटेल, बावीस वर्षं एका घरात राहून मुलाला एवढंही माहीत नाही. आणि खरंच मला माहीत नाही. तिचा हात कुठे जातो हे मी कधी बघितलेलं नाही. पण प्रत्येक गोष्टीकडे असं भावनेने बघितलं तर घरं बांधून होणार नाहीत. वायरमनला सांगितलं, आराखड्याप्रमाणे करा.

१२ नोव्हेंबर, सकाळी ९.४०

प्लास्टर सुरू झालं. पाइप दिसेनासे झाले. आता काही बदलता येणार नाही, त्यामुळे एकदम मोकळं वाटतंय. सकाळचा चहा तसाच राहिलाय, तो सिमेंटच्या वासाने असणार.

१६ नोव्हेंबर

आईचा फोन. जेवलास का, ऑफिसात त्रास देतात का, सगळं विचारून झालं. मग म्हणाली, पॅसेजमधला दिवा लावलास का रे? मी म्हटलं, एक नाही, चार लावतोय. ती म्हणाली, चार कशाला? मी म्हटलं, बघशीलच आता.

मग तिने विचारलं, माझ्या खोलीतलं बटण आहे ना तिथेच?

फोनमध्ये खरखर होत होती. फार नव्हे, थोडी. मी म्हटलं, आवाज नीट येत नाही आई, नंतर बोलू.

संध्याकाळी परत फोन करायचं ठरवलं होतं. रंगाचे नमुने बघण्यात राहून गेलं.

२१ नोव्हेंबर

पॅनेल आलेलं नाही. दुकानदार गेले पाच दिवस उद्या नक्की म्हणतोय. पाच डिसेंबरला चौदा दिवस उरले आणि भिंतीतून नुसत्या वायरी लोंबतायत. मी ऑफिसात एकाच विषयाच्या दोन मुलांना एकाच बाकावर बसवलं. असं सव्वीस वर्षांत झालं नव्हतं. साहेबांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना?

वहिनीचा फोन येऊन गेला. सहज केलाय म्हणाली. मग सहजच सांगितलं, आई आता आमच्याकडे स्वतःचा चहा स्वतः करून घेतात, संध्याकाळी खोलीतला दिवा त्यांचा त्या लावतात. वहिनी मनाने चांगली आहे. तिला हे सांगायला दादाने बसवलं असणार.

२७ नोव्हेंबर

पॅनेल आली. वायरमनने दोन्ही जोडली. 'सकाळ' लावलं की बाथरूम उजळते. 'वाचन' लावलं की पंखा फिरतो. 'पाहुणे' लावलं की घरातले सगळे दिवे विझतात. बायको म्हणाली, हा शेवटचा मोड राहू द्या, उपयोगी आहे. 'आई' लावलं तर हॉलमधला एकच दिवा लुकलुकत राहतो.

वायरमनला माहितीपत्रक वाचायला दिलं. त्याने ते खिडकीत ठेवलं आणि उडू नये म्हणून त्यावर पक्कड ठेवली.

३० नोव्हेंबर

कंपनीच्या माणसाशी फोनवर अडीच तास बोलून सगळं मार्गी लावलं. चारही मोड बरोबर चालतात. शेवटी चिकाटी लागते.

किरकोळ निरीक्षणं. ओल्या हाताला काच दाद देत नाही. पूर्ण तळहात लागला तर सगळे मोड एकदम सुरू होतात आणि कुठला जिंकेल ते सांगता येत नाही. सकाळी बायकोने काच पुसली तेव्हा घर पाच वेळा उजळलं आणि पाच वेळा विझलं. उपाय सोपा आहे. तर्जनी, फक्त टोक, अर्धा सेकंद. आईला पाच मिनिटांत शिकवेन. मला तीन दिवस लागले, पण मी स्वतः शिकत होतो.

४ डिसेंबर

सगळं तयार. अठरापैकी सतरा दिवे चालू आहेत, एक बाथरूममधला तेवढा रुसलाय. रंगीत तालीम दोनदा केली. उद्या ते दारातून आत आले की मी 'पाहुणे' लावणार, आईची खोली मुद्दाम अंधारात ठेवणार. दादा हॉल बघून गप्प झाला की तिला खोलीच्या दारात उभं करून 'आई' लावणार.

तालमीत घाईत माझं बोट भलतीकडे पडलं, त्यामुळे एकदा पंखा लागला. बायको म्हणाली, अहो, आई परीक्षा घ्यायला येत नाहीयेत. मी म्हटलं, ती नाही, दादा घेणार आहे. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिने असं केलं की मला जास्त भीती वाटते.

६ डिसेंबर, सकाळी ६.३०

काल लिहिलं नाही. आता जसं झालं तसं लिहितो.

साडेपाचला आले. दादा, वहिनी, आई. मी 'पाहुणे' लावलं, हॉल एकदम उजळला. वहिनी बघतच राहिली. दादाही मान वर करून दिवे बघत होता. आई म्हणाली, उजेड छान आहे रे, स्वच्छ वाटतंय. मला वाटलं, झालं, जिंकलो.

मग ती म्हणाली, मी माझ्या खोलीत जाऊन येते. मी हात धरायला पुढे झालो, तो तिने हळूच बाजूला केला. म्हणाली, जाईन की, माझंच घर आहे. पॅसेज तिने सरळ पार केला, कुठे अडखळली नाही. मी त्या वेळी दादाचं तोंड बघत होतो, त्यामुळे ती खोलीत शिरली ते मला उशिरा कळलं.

खोलीत अंधार होता, मीच ठेवलेला. तिचा उजवा हात वर गेला. दाराच्या उजवीकडे, तिच्या खांद्याएवढ्या उंचीवर. तिथे कोरं प्लास्टर होतं. हात थोडा वर सरकला, मग खाली, मग चौकटीपर्यंत येऊन परत गेला. मी मागून सांगत होतो, डावीकडे आई, डावीकडे. ती घाईने वळली आणि तिचा अख्खा तळहात काचेवर पडला.

खोलीतले दिवे लागले, विझले, परत लागले. मागे पॅसेज विझला, हॉल विझला, पंखा सुरू झाला. मग सगळंच विझलं. तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. अंधारात म्हणाली, माझ्या हातून काही मोडलं का रे? मी म्हटलं, नाही गं. ती म्हणाली, मोडलं असेल तर सांग. मग परत तेच विचारलं. मी काच चाचपत होतो. तर्जनी, टोक, अर्धा सेकंद. तिसऱ्या वेळेला लागले.

ती खोलीच्या मधोमध उभी होती, सगळ्या भिंतींपासून लांब. दोन्ही हात छातीशी घेतलेले, चुकून कशाला लागू नयेत म्हणून. दादा एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

नंतर चहा झाला. चहा पिऊन तिने बायकोला विचारलं, कप इथे ठेवला तर चालेल का? बावीस वर्षं राहिलेल्या घरात तिने कप कुठे ठेवू म्हणून विचारलं. मी ऐकलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सव्वासातला ती दादाबरोबर गेली.

८ डिसेंबर

शांतपणे विचार केला. एका भेटीवरून निष्कर्ष काढणं अशास्त्रीय आहे. त्या दिवशी आभाळ होतं. दादाने तिला घाईघाईत आणलं. तिला आधी पाच मिनिटं शिकवायला हवी होती, ती राहिली. वायरमननेही हवा तेवढा आग्रह धरला नाही.

असो. वायरमनला बोलावलं. तो खोलीत आला, आईचा हात कुठे गेला होता ते मी दाखवलं. या वेळी मला नेमकं माहीत होतं. इंचभरही विचार करावा लागला नाही. त्याने तिथे फुली मारली. म्हणाला, रंगावर डाग राहील. मी म्हटलं, राहू दे. आता मात्र सगळं मार्गी लागेल.

१० डिसेंबर, दुपारी

बटण बसलं. उजवीकडे, खांद्याएवढं, बोटाला लागणारं. भोवती प्लास्टरचा हातभर डाग. मला तो वाईट वाटत नाही.

लगेच आईला फोन केला. सांगितलं, तुझं बटण परत जागेवर आलं, काचेला हातसुद्धा लावायला नको, शनिवारी न्यायला येतो. ती म्हणाली, भिंत परत फोडलीस? कशाला रे एवढं? मग म्हणाली, तुझं घर फार सुंदर झालंय, पण मला तिथे आता चुकायची भीती वाटते. इथे बसलाय हात. या वयात परत नवीन शिकायला नको. मी म्हटलं, यात नवीन काय, जुनंच आहे सगळं. ती म्हणाली, हो रे बाबा, तू केलंस ते चांगलंच केलंस.

माझ्या बोलण्याचा तिच्यावर परिणाम होतोय असं वाटलं. तेवढ्यात तिने विचारलं, माझी खाट आणि कपाट कधी पाठवतोस?

१३ डिसेंबर

टेम्पो करून खाट आणि कपाट दादाकडे नेलं. मी बरोबर गेलो, कारण खाट कशी ठेवायची हे कुणीतरी सांगायला हवं. टेप नेला होता, कागदावर दोन पर्याय काढून नेले होते. खिडकीच्या उजेडाचा कोनही काढला होता.

खोलीत शिरून मी टेप उघडला तेव्हा आई म्हणाली, जरा बाहेर थांबतोस का? रागाने नाही म्हणाली. मी बाहेर थांबलो. आतून तिच्या चपला ऐकू येत होत्या. दारापासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून दारापर्यंत, परत एकदा. दादा शेजारी येऊन उभा राहिला. मला वाटलं आता बोलेल. त्याने नुसतं पाणी आणून दिलं.

मग तिने हाक मारली. भिंतीला हात लावून म्हणाली, डोकं इथे, पाय तिकडे. मी आणि दादाने खाट उचलली आणि तिने सांगितलं तशी ठेवली. माझ्या कागदावर ही जागा नव्हतीच.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, त्या खोलीचं काय करायचं? मी म्हटलं, काही करायचं नाही, तशीच राहू दे. थंडी संपली की आई येईल. ती पोळ्या लाटत राहिली.

आई येणार नाही. बायकोला सांगितलं नाही, इथे लिहितोय.